मुंबई ते सिंगापूर: अंतर किती, वेळ किती आणि घरातून निघायचं कधी

मुंबई ते सिंगापूर सरळ हवाई अंतर सुमारे ३,९२० किलोमीटर आहे. थेट विमानाला साधारण साडेपाच तास लागतात. दोन्ही आकडे कुठेही मिळतात आणि दोन्ही बरोबर आहेत. तरीही पहिल्यांदा जाणाऱ्यांची गडबड होते ती याच दोन आकड्यांवर विसंबून: कुणी हॉटेल चुकीच्या तारखेचं घेतं, कुणी मुलाला विमानतळावर अडीच तास आधी बोलावून बसवतं, कुणी रात्री बाराच्या विमानाला एक दिवस उशिरा पोहोचतं. म्हणून नवख्या प्रवाशासाठी हा हिशोब पायरीपायरीने मांडतो आहे. उदाहरण मुंबई–सिंगापूरचं घेतलंय. पद्धत कळली की दुबई, बँकॉक, टोकियो, कुठलीही जोडी घ्या.

पायरी १: कुठल्या विमानतळावरून कुठल्या विमानतळावर

अंतर शहरांमध्ये मोजत नाहीत, विमानतळांमध्ये मोजतात. सिंगापूरकडे हा प्रश्न सोपा आहे. प्रवासी विमानसेवा जवळपास सगळी चांगीला उतरते, फक्त चारपैकी कुठलं टर्मिनल एवढंच बघायचं. मुंबईकडे मात्र आता जरा लक्ष द्यायला हवं. आंतरराष्ट्रीय विमानं वर्षानुवर्षं सहारच्या टी-२ वरून सुटत आली आहेत, पण ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं आणि डिसेंबरात तिथून उड्डाणंही सुरू झाली. तिकिटावर सहारचा कोड 'बीओएम' आणि नवी मुंबईचा 'एनएमआय' असा असतो. दोन्ही 'मुंबई'च म्हणवतात, आणि संध्याकाळच्या वाहतुकीत एकाकडून दुसरीकडे जायचं म्हणजे विमान गेलंच समजा. थेट सिंगापूरला न जाता आधी दिल्ली किंवा चेन्नईला जात असाल तर पहिला टप्पा देशांतर्गत असू शकतो आणि टर्मिनल बदलू शकतं. तिकीट हातात आलं की सगळ्यात आधी हे तीन अक्षरांचे कोड वाचायचे, जेवणाचा पर्याय नंतर.

पायरी २: अंतर स्वतः काढून बघा

संकेतस्थळांवर ३,९०० ते ३,९३० च्या दरम्यान वेगवेगळे आकडे दिसतात आणि लोक गोंधळतात. पृथ्वी पूर्ण गोल नाही, ध्रुवांपाशी किंचित चपटी आहे. कुणी ती गोल धरून मोजतं, कुणी चपटेपणा हिशोबात घेतं. कुणी विमानतळ धरतं, कुणी शहराचा मध्य. फरक एवढाच असतो.

शास्त्रीय बटणं असलेला कॅल्क्युलेटर प्रत्येक फोनमध्ये असतो, बहुतेक फोनांत आडवा धरला की उघडतो. विमानतळांचे अक्षांश-रेखांश घ्या. मुंबई: उत्तर १९.०९, पूर्व ७२.८७. चांगी: उत्तर १.३६, पूर्व १०३.९९. रेखांशांतला फरक ३१.१२ अंश. कॅल्क्युलेटर अंशांवर आहे ना ते तपासा, रेडियनवर असेल तर उत्तर भलतंच येईल.

आता दोन्ही अक्षांशांच्या साइनांचा गुणाकार करा: ०.३२७१ गुणिले ०.०२३७, म्हणजे ०.००७८. मग दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशांच्या फरकाचा कोसाइन, या तिघांचा गुणाकार: ०.९४५० गुणिले ०.९९९७ गुणिले ०.८५६१, म्हणजे ०.८०८८. बेरीज ०.८१६६. ज्या कोनाचा कोसाइन एवढा येतो तो कोन ३५.२५ अंश. पृथ्वीच्या पृष्ठभागावर एक अंश म्हणजे सुमारे १११.२ किलोमीटर. गुणाकार करा: ३,९२०.

दहावीच्या त्रिकोणमितीचा पुढे कुठे उपयोग झाला नाही अशी तक्रार असणाऱ्यांनी हे एकदा करून बघावं.

एक खाचखळगा एककाचा. वैमानिक आणि विमानसेवा नॉटिकल मैलात बोलतात, एक नॉटिकल मैल १.८५२ किलोमीटरचा. अंशाला साठ नॉटिकल मैल, म्हणून आपलं अंतर २,११५ नॉटिकल मैल. साध्या मैलात तेच २,४३६ होतं. कुठे २,१०० दिसलं आणि कुठे २,४००, तर दोन्ही एकाच अंतराची नावं आहेत, भांडू नका.

पायरी ३: रेषा नकाशावर ओढा

ही पायरी सोडली तरी चालेल, पण मला सगळ्यात मजेची वाटते. गोलावरच्या दोन बिंदूंमधला सर्वांत जवळचा रस्ता म्हणजे बृहद्वर्तुळाचा तुकडा. पृथ्वीगोलावर मुंबई आणि सिंगापूरमध्ये दोरा ताणून धरला की तो मिळतो. आपल्या बाबतीत हा दोरा मुंबईतून आग्नेयेकडे निघतो, पुण्याच्या डोक्यावरून जातो, थेट सोलापूर गाठतो, आंध्र प्रदेशात ओंगोलपाशी किनारा सोडतो, बंगालचा उपसागर ओलांडून निकोबार बेटांवरून जातो, सुमात्राच्या उत्तर टोकाला डावीकडून वळसा घालून मलाक्काच्या सामुद्रधुनीवर येतो आणि क्वालालंपूरच्या विमानतळाजवळून सिंगापूरला उतरतो. हे वर्णन काव्यात्म नाही, वरच्याच गणिताचं उत्तर आहे. रेखांश बदलत गेलं की त्या त्या ठिकाणचं अक्षांश मिळतं.

म्हणजे पुणेकर चार तास गाडीत बसून मुंबईला येणार आणि विमान त्याला पाव तासात पुन्हा पुण्याच्या आकाशात नेणार. पुण्याहून परदेशी थेट सेवा अधूनमधून सुरू होतात आणि बंदही होतात, म्हणून पुणे, सोलापूर, साताऱ्याकडच्या लोकांनी तिकीट काढताना पुण्याचा पर्याय आधी बघावा, मिळाला तर प्रवासाचा निम्मा शीण वाचतो.

खरं विमान अगदी याच रेषेवरून जात नाही. आकाशात ठरलेले मार्ग असतात, लष्करी हद्दी असतात, ढग टाळायचे असतात. शिवाय मुंबईत मुख्य धावपट्टीवरून विमानं बरेचदा पश्चिमेकडे, समुद्राच्या दिशेने उडतात. जायचं पूर्वेला आणि खिडकीत अरबी समुद्र दिसतोय म्हणून घाबरू नका, वळसा घेऊन विमान परत जमिनीवर येतं. या सगळ्यामुळे प्रत्यक्ष कापलेलं अंतर कागदावरच्या अंतरापेक्षा थोडं जास्तच भरतं.

पायरी ४: किलोमीटरचे तास करा

प्रवासी विमान वर स्थिरावल्यावर ताशी ८३० ते ९०० किलोमीटरने जातं. पण चढताना, उतरताना आणि जमिनीवर रांगेत उभं असताना तो वेग नसतो. म्हणून नुसतं अंतर भागिले वेग केलं तर उत्तर नेहमी कमी येतं. मी वापरतो तो ठोकताळा असा: किलोमीटरला ८५० ने भागा आणि पाऊण तास मिळवा.

३,९२० भागिले ८५० म्हणजे ४ तास ३७ मिनिटं. पाऊण तास धरून ५ तास २२ मिनिटं. वेळापत्रकात साडेपाचच्या आसपास दिसतं, म्हणजे जमलं. दुबईचं अंतर १,९३० च्या आसपास, ठोकताळ्याने तीन तास. तेही वेळापत्रकाच्या जवळ जातं.

तिकिटावर जो वेळ छापतात तो हवेतला नसतो. विमान जागेवरून हललं तिथपासून पलीकडे आपल्या जागेवर थांबलं तिथपर्यंतचा असतो. याला ब्लॉक टाइम म्हणतात. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते आणि गर्दीच्या वेळी विमानांची रांग लागते. ती रांग विमानसेवा आधीच वेळेत धरून ठेवतात. म्हणून अर्धा तास उशिरा सुटलेलं विमान कधीकधी वेळेवर पोहोचतं, आणि वैमानिकाने काही चमत्कार केला असं प्रवाशांना वाटतं.

विमानाच्या प्रकाराने किती फरक पडतो? छोटी, एकच मार्गिका असलेली विमानं आवाजाच्या वेगाच्या ०.७८ पट जातात, मोठी ०.८५ पट. साडेतीन हजार किलोमीटर स्थिर उड्डाण धरलं तर फरक वीस मिनिटांचा. त्यासाठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही. पायांना जागा हवी, गुडघे दुखतात, म्हणून मोठं विमान घ्यायचं असेल तर गोष्ट वेगळी.

पायरी ५: वाऱ्याचा हिशोब

"पूर्वेला जाताना लवकर, पश्चिमेला येताना उशीर" हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं. कारण उंचावरचे पश्चिमी वारे, ज्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. मुंबई–टोकियोला हे चांगलंच जाणवतं: अंतर सुमारे ६,८०० किलोमीटर, जाताना आठ तासांच्या आसपास आणि येताना साडेनऊच्याही पुढे. हिवाळ्यात तो झोत हिमालयाच्या दक्षिणेकडून चीन–जपानवर जातो आणि विमान जणू त्यावर स्वार होतं.

सिंगापूरला मात्र हे वाक्य अर्धवटच लागू पडतं. हिवाळ्यात महाराष्ट्रावर पश्चिमी वारा मिळतो, पण जसजसं विषुववृत्ताकडे जावं तसतसा तो मंदावतो, आणि आपला निम्म्याहून जास्त रस्ता त्याच पट्ट्यात आहे. पावसाळ्यात तर दक्षिण भारतावर उंचावर उलटा, पूर्वेकडून पश्चिमेला वाहणारा झोत तयार होतो. जून ते सप्टेंबर हा त्याचा काळ. त्यामुळे जुलैत जाताना थोडा जास्त वेळ आणि येताना थोडा कमी, असंही होऊ शकतं. फरक मिनिटांचा असतो. नवख्याने एवढंच लक्षात ठेवावं, की या मार्गावर जाण्या-येण्याचा वेळ जवळपास सारखा धरायचा.

पायरी ६: तिकिटावरची दोन घड्याळं

गडबड होते ती इथे, म्हणून सावकाश.

तिकिटावर सुटण्याची वेळ सुटणाऱ्या शहराची असते आणि पोहोचण्याची वेळ पोहोचणाऱ्या शहराची. सिंगापूर भारताच्या अडीच तास पुढे आहे. वर्षभर तेवढाच फरक, कारण दोन्ही देशांत उन्हाळा-हिवाळ्याला घड्याळ मागेपुढे करत नाहीत.

समजा तिकिटावर असं लिहिलंय: सुटणार १४ तारखेला रात्री ११:४०, पोहोचणार सकाळी ७:४५, शेजारी छोटासा '+१'. घड्याळांमधला फरक ८ तास ५ मिनिटं दिसतो. त्यातून अडीच तास वजा करा: ५ तास ३५ मिनिटं. हा खरा प्रवास. '+१' म्हणजे पोहोचण्याची तारीख १५. येताना उलट. सिंगापूरहून संध्याकाळी ७ ला निघून मुंबईत रात्री ९:४० ला पोहोचत असाल तर घड्याळात फक्त २ तास ४० मिनिटं गेली असं दिसतं, त्यात अडीच मिळवा: ५ तास १० मिनिटं. नियम एकच. पूर्वेला जाताना वजा, पश्चिमेला येताना अधिक.

आता '+१' चा परिणाम कुठे कुठे होतो ते बघा. हॉटेल घेताना १४ ची रात्र सिंगापुरात नाही, विमानात जाणार आहे, तेव्हा हॉटेल १५ पासून. त्यातही सकाळी पावणेआठला उतरून नवाला हॉटेलात गेलात तर खोली बहुधा दुपारी दोन-तीनच्या आधी मिळणार नाही. सामान ठेवून घेतात, पण अंघोळ आणि आडवं होणं दुपारीच. लहान मूल किंवा म्हातारी माणसं बरोबर असतील तर आदल्या रात्रीचे पैसे भरून खोली घेणं परवडतं, नाहीतर दिवसाचं विमान निवडावं.

सिंगापूरला जाण्यापूर्वी एसजी अरायव्हल कार्ड नावाचा अर्ज ऑनलाइन भरावा लागतो. पोहोचण्याच्या दिवसासकट तीन दिवसांच्या आत भरायचा असतो आणि त्यात तारीख विचारतात ती सिंगापुरात उतरण्याची. मुंबईहून निघण्याची तारीख टाकली की एका दिवसाने चुकलं. हा अर्ज सरकारी संकेतस्थळावर फुकट आहे. पैसे मागणारी हुबेहूब दिसणारी पानं भरपूर आहेत, त्यांच्या नादी लागू नका. भारतीय पासपोर्टवाल्यांना व्हिसा वेगळा काढावा लागतो, हे कार्ड म्हणजे व्हिसा नव्हे.

आणि सगळ्यात घातक वेळ म्हणजे मध्यरात्रीनंतरची. तिकिटावर 'शनिवार, १५ तारीख, ००:२५' असेल तर विमानतळावर शुक्रवारी, १४ तारखेला रात्री सव्वानऊ-साडेनऊला पोहोचायचं. शनिवारी रात्री बॅगा घेऊन टी-२ ला उभी राहिलेली कुटुंबं अधूनमधून दिसतातच, आणि काउंटरवरचा माणूसही काही करू शकत नाही, विमान आदल्या रात्रीच गेलेलं असतं. अशा तिकिटाच्या प्रतीवर पेनाने मोठ्या अक्षरात लिहून ठेवा: घरातून निघायचं शुक्रवारी, अमुक वाजता.

सिंगापूरचं घड्याळ तसं सूर्याशी फटकूनच आहे. रेखांश बघता ते आपल्यापेक्षा दीड तासच पुढे असायला हवं होतं. १९८१ पर्यंत ते भारताच्या बरोबर दोन तास पुढे होतं, १ जानेवारी १९८२ पासून मलेशियाबरोबर आणखी अर्धा तास पुढे सरकलं. त्यामुळे तिथे सूर्य सकाळी सातच्या सुमारास उगवतो आणि संध्याकाळी सातच्या सुमारास मावळतो, बाराही महिने. पहाटे साडेपाचला उठून फिरायला जाणारे आपले आजी-आजोबा तिथे पहिल्या दिवशी आठला उठतात आणि "आज फारच उशीर झाला हो" म्हणून हळहळतात. झोप तेवढीच झालेली असते.

रोजच्या गोळ्या चालू असतील तर मुंबईची सकाळी आठची गोळी सिंगापुरात साडेदहाला येते. इन्सुलिन घेणाऱ्यांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून वेळा कागदावर लिहून घ्याव्यात.

पायरी ७: थेट जायचं की थांबा घेऊन

इथे अंतर आणि वेळ यांची ताटातूट होते. क्वालालंपूर आपल्या सरळ रेषेवरच आहे, त्यामुळे तिथे थांबून गेलात तर किलोमीटर जवळजवळ वाढतच नाहीत. चेन्नईमार्गे गेलात तरी १,०३० अधिक २,९२५ म्हणजे सुमारे ३,९५५, जेमतेम चाळीस किलोमीटर जास्त. बँकॉकमार्गे ३,०३० अधिक १,४१५, म्हणजे पाचशेहून अधिक किलोमीटरचा वळसा.

पण वेळ बघा. क्वालालंपूरपर्यंत पाच तास, तीन तासांचा थांबा, पुढचं तीनशे किलोमीटरचं अंतर तासाभराचं. नऊ तास झाले. अंतर तेवढंच, वेळ दीडपटीहून जास्त. म्हणून थांब्याचं तिकीट घेताना किलोमीटर बघू नका, 'एकूण प्रवासवेळ' बघा, आणि तीही वरच्या पद्धतीने स्वतः ताडून पाहा.

दोन टप्पे एकाच तिकिटावर असतील तर पहिलं विमान उशिरा आल्यावर पुढची सोय बघणं विमानसेवेकडे येतं. दोन वेगळी स्वस्त तिकिटं जोडलीत तर मधल्या देशात बाहेर येऊन बॅग घ्या, तिथल्या प्रवेशाचे नियम पाळा, पुन्हा चेक-इन करा, आणि विमान चुकलं तर दुसरं तिकीट स्वतः काढा. पहिल्याच परदेशप्रवासाला हे करू नये असं माझं स्पष्ट मत आहे, चार-पाच हजार वाचत असले तरी. आई-वडील एकटे येणार असतील तर थेटच.

पायरी ८: दारापासून दारापर्यंत

आता वरच्याच तिकिटाचा पूर्ण हिशोब करू. माणूस कोथरूडला राहतो, मुलगी सिंगापुरात जुराँगला. विमान रात्री ११:४०.

आंतरराष्ट्रीय विमानाला तीन तास आधी पोहोचायचं, म्हणजे टी-२ वर ८:४०. काउंटर विमान सुटण्याच्या एक ते सव्वा तास आधी बंद होतं, मग कुणाचं ऐकत नाही. पुण्याहून टी-२ दीडशे किलोमीटर. रस्ता मोकळा असेल तर तीन-साडेतीन तास, पण शुक्रवारी संध्याकाळ, पाऊस, घाटात बंद पडलेला ट्रक यांपैकी काहीही होऊ शकतं. साडेचार तास धरा. घर सोडायचं दुपारी चारच्या सुमारास. मुंबईत दक्षिणेकडे राहणाऱ्यांना आता भुयारी मेट्रो ३ थेट टी-२ पर्यंत आणते, पावसाळ्यात गाडीपेक्षा तीच भरवशाची. मध्यरात्रीनंतर मात्र ती नसते, तेव्हा परतीला तिचा भरवसा धरू नका.

सकाळी ७:४५ ला चांगीला उतरलात. चांगी भराभर काम उरकणारा विमानतळ आहे, तरी चालणं, पासपोर्ट तपासणी, बॅगा यांना तासभर द्या. पावणेनऊला बाहेर. जुराँग बेटाच्या पश्चिमेला, चांगी पूर्व टोकाला, टॅक्सीने पाऊण तास. साडेनऊला घरी. भारतात तेव्हा सात वाजलेत. चार ते सात म्हणजे पंधरा तास, आणि त्यातले विमानातले साडेपाच.

न्यायला येणाऱ्या मुलीला वेळ कळवताना "पावणेआठला उतरणार, तुमच्या वेळेप्रमाणे" असं पूर्ण वाक्य पाठवा. नुसतं "पावणेआठ" लिहिलं की ती अडीच तास मिळवते किंवा वजा करते. विमानाचा क्रमांक पाठवलात तर सगळ्यात उत्तम, ती स्वतः बघून घेईल.

दिवाळीच्या फराळाचा डबा बरोबर नेणाऱ्यांसाठी एक सूचना इथेच करतो, कारण ती उतरल्यावर उपयोगाची नाही. सिंगापुरात खसखस न्यायला मनाई आहे, अफूच्या झाडाचं बी म्हणून. चकली, शेव, शंकरपाळे न्या, पण अनारशांवर खसखस असते आणि काही घरगुती मसाल्यांतही असते. ते घरीच ठेवा. च्युइंगमलाही बंदी आहे आणि ई-सिगारेटलाही.

पायरी ९: ऐनवेळचा उशीर

आदल्या दिवशी आणि निघण्यापूर्वी विमानसेवेच्या ॲपवर वेळ बघा. मुंबईत जून ते सप्टेंबर जोराच्या पावसात विमानं घिरट्या घालतात किंवा सुटायला उशीर होतो. सिंगापूरच्या बाजूला वेगळा प्रकार: साधारण एप्रिल ते नोव्हेंबर या काळात पहाटे आणि सकाळी सुमात्राकडून वादळी पावसाचे पट्टे येतात, ज्यांना तिथे 'सुमात्रा'च म्हणतात. तास-दोन तास धुमाकूळ घालून निघून जातात. रात्री मुंबईहून निघालेलं विमान नेमकं त्याच वेळी पोहोचतं. सकाळी दहाला बैठक असेल तर रात्रीच्या विमानाने जाऊन थेट बैठकीला बसायचा बेत करू नये. तसंही जेवण, दिवे, घोषणा वगळता झोपायला मिळतात जेमतेम तीन-साडेतीन तास.

पायरी १०: परतीचं तिकीट

येताना घड्याळ अडीच तास परत देतं, त्यामुळे संध्याकाळचं विमान सोयीचं वाटतं. मुंबईकरांना ते आहेच. रात्री ९:४० ला उतरून बॅगा घेऊन साडेअकरापर्यंत ठाण्यात घरी. पुण्याला जायचं असेल तर मात्र टॅक्सी आधी ठरवा आणि पहाटे अडीच-तीनला पोहोचणार हे घरच्यांना सांगून ठेवा. शरीराच्या घड्याळात तेव्हा सिंगापूरचे साडेपाच वाजलेले असतात, म्हणून चालकाशी गप्पा मारायचं काम तुमच्यापैकी जो विमानात झोपलाय त्याच्याकडे द्या. सकाळी आठच्या सुमाराचं विमान मिळालं तर सिंगापुरात चार-साडेचारला उठावं लागतं आणि तेव्हा मेट्रो सुरू झालेली नसते, पण मुंबईत अकरापर्यंत उतरता आणि दुपारी उशिरा का होईना पुण्यात पोहोचता. पुण्याच्या पुढे साताऱ्या-कोल्हापूरला जाणाऱ्यांनी तर हेच घ्यावं.